दोष काय तो गायीचाच?

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे दोन तालुके पाण्याच्या बाबतीत नशीबवान म्हणायला हवेत. येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे या दोन तालुक्यांत आहेत. या पाण्यासाठी आंबेगावने तर तालुक्याला नाव देणारे मूळ गावच डिंभ्याच्या जलाशयाला देऊन टाकले. पाणी आले आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला, द्राक्षाचे मांडव चढले. नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरच्या बाजारातला बटाटा-कांदा दूरवर जाऊ लागला. गोठ्यात संकरित गाय आली. आणि या सगळ्यांच्या मागोमाग पाठीवरचा पंप आणि ट्रॅक्टरमागचा फवारा आला. शिवारात काय फवारले जाते, त्याने कीड किती मरते आणि माल किती निघतो याची चर्चा पारावर रोज चालते. त्याच शिवारातले गवत खाणाऱ्या, त्याच पाटाचे पाणी पिणाऱ्या जनावरांच्या विणीवर त्याचा काय परिणाम होतो, हा विषय मात्र सहसा निघत नाही. निघाला, तरी तो मादीपाशी येऊन थांबतो.

गोठ्यातली भाषाच पाहा. गाय माजावर आली, भरवली, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आली, की ती 'उलटली' म्हणतात. दोनदा उलटली की घरात कुरबुर सुरू होते, चार वेळा उलटली की तिला बाजार दाखवायची भाषा होते. तिला मिठाची चाटण वीट आणतात, डॉक्टरांना बोलावतात, कुणी गावठी औषध सुचवतो. या सगळ्या धावपळीत नराचे नाव कुणी काढत नाही. 'वांझ' हा शब्द आपल्याकडे गायीला आहे, म्हशीला आहे, आणि बाईला तर आहेच आहे. वळूला, रेड्याला, पुरुषाला त्या अर्थाचा रोजच्या बोलण्यातला शब्द नाही. आपण 'नपुंसक' म्हणतो, पण ती गोष्ट निराळी. उडी मारण्याची ताकद वेगळी आणि बीजाची ताकद वेगळी. बैलगाड्याच्या घाटात सेकंदांचा हिशेब करणारा, अंगाने तुकतुकीत, पाहताच नजर ठरणार नाही असा खोंडसुद्धा बीजाने कमजोर असू शकतो. बाहेरून ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला आपण दोष देत नाही.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. १९८० आणि १९९०च्या दशकांत दुभत्या जनावरांसाठी कर्जे वाटण्याचा मोठा कार्यक्रम होता. हप्ते थकले की तपासणीला जायचे आणि थकबाकीचे कारण लिहून आणायचे. 'गाय गाभण राहत नाही' हे कारण इतक्या वेळा लिहावे लागे, की पुढे पुढे हात आपोआप चाले. छापील फॉर्मात गायीची सगळी कुंडली होती. जात, वय, रंग, वेत कितवे, दूध किती, कानातल्या बिल्ल्याचा नंबर. ती कोणत्या वळूला दाखवली किंवा कोणाचे रेत भरले, यासाठी रकानाच नव्हता. फॉर्म करणारा माणूस कोणी दुष्ट नव्हता. ज्या समाजात प्रश्नच विचारला जात नाही, तिथे रकाना कुठून येणार?

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. गाय उलटण्याची नेहमीची कारणे साधी असतात. माज उशिरा लक्षात येतो, सकाळचा माज असताना रेतन दुसऱ्या दिवशी दुपारी होते, खुराकात क्षार कमी पडतात, गर्भाशयाला संसर्ग असतो, उन्हाळा सोसत नाही. प्रत्येक उलटलेल्या गायीमागे कीटकनाशक शोधणे हा दुसऱ्या टोकाचा वेडेपणा होईल. पण नराकडे न पाहता हिशेब पुरा होत नाही, आणि नराकडे पाहायचे तर तो राहतो त्या हवा-पाणी-चाऱ्याकडे पाहावे लागते.

नाजूक कारखाना

निसर्गाने नराचे बीज तयार करणारा कारखाना शरीराच्या बाहेर टांगला आहे. बैलाचे, बोकडाचे, मेंढ्याचे वृषण शरीरापेक्षा काही अंशांनी थंड राहिले तरच काम नीट चालते. आत दोन प्रकारच्या पेशींची मोठी कामगिरी असते. एक प्रकार टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक तयार करतो. दुसऱ्या, सर्टोली नावाच्या पेशी दाईसारख्या असतात. कोवळ्या शुक्रजंतूंना त्या मांडीवर घेऊन वाढवतात, आणि एक दाई ठरावीक पोरेच सांभाळू शकते. या दाया किती असणार हे बहुतांशी गर्भात असताना आणि वयात येण्यापूर्वीच ठरते. पुढे कितीही पेंड चारली तरी त्यांची संख्या वाढत नाही.

प्रदूषक द्रव्ये या कारखान्यात तीन वाटांनी शिरतात. काही द्रव्ये संप्रेरकाचे सोंग घेतात किंवा त्याची जागा अडवतात, त्यामुळे शरीराचे हुकूमच चुकतात. काही द्रव्ये वाढणाऱ्या पेशी थेट मारतात. आणि काही तयार शुक्रजंतूला आतून गंजवतात. शुक्रजंतू म्हणजे डोके आणि शेपटी. दुरुस्तीचे सामान बरोबर घेऊन निघायला त्याच्याकडे जागाच नसते.

त्यातून वेळेचा घोळ आहे. वळूच्या शरीरात एक शुक्रजंतू घडायला सुमारे ६१ दिवस लागतात, आणि पुढे पक्व होऊन बाहेर पडायला आणखी काही दिवस. म्हणजे आज झालेल्या इजेचे फळ दोन-अडीच महिन्यांनी दिसू शकते. तोवर फवारणी विसरली जाते, डबा भंगारात जातो, आणि समोर उरते ती उलटलेली गाय.

गर्भातली इजा तर वर्षांनी उगवते. मुंबईत परळला प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी २००९च्या सुमारास उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही प्लॅस्टिकांत आणि डब्यांच्या आतल्या लेपात वापरले जाणारे बिस्फेनॉल-ए हे द्रव्य त्यांनी गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या माद्यांना अत्यल्प मात्रेत दिले. त्यांना झालेल्या नरांमध्ये शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी भरली. पुढच्या पिढ्यांना ते द्रव्य दिलेच नव्हते, तरी नातवंडा-पतवंडांपर्यंत घट दिसली. आजीने खाल्लेले पणतवाला बाधले, असाच याचा अर्थ.

जनावरांनी आधी सांगितले

या विषयाच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जनावर आधी सांगते आणि माणूस नंतर ऐकतो. डीबीसीपी नावाचे एक औषध १९५०च्या दशकात अमेरिकेत निघाले. जमिनीतल्या सूत्रकृमींवर ते फार गुणकारी होते. त्याने उंदीर, ससे अशा प्रयोगातल्या प्राण्यांचे वृषण सुकतात, हे १९६१ साली छापून आले होते. औषध मात्र विकले जात राहिले. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लेथ्रॉप गावच्या कारखान्यातले कामगार आपसांत बोलू लागले, की आपल्यापैकी कुणाच्या घरी अलीकडे पाळणा हललेला नाही. तपासणी केली, तेव्हा कित्येकांच्या वीर्यात शुक्रजंतू अगदी थोडे होते, काहींच्यात तर एकही नव्हता. उंदरांनी सोळा वर्षांपूर्वी दिलेली साक्ष तेव्हा कुठे ग्राह्य धरली गेली. १९७९ साली अमेरिकेत त्याचा बहुतेक वापर बंद झाला.

आपल्याकडचे उदाहरण एंडोसल्फानचे. हे नाव आपल्या भागातल्या शेतकऱ्याला नवीन नाही. लखनौच्या विषशास्त्र संशोधन केंद्राने १९९०च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून या औषधाने वृषणाच्या कामात बिघाड होतो हे दाखवले. केरळात कासरगोडच्या काजूबागांवर ते हेलिकॉप्टरमधून फवारले जात होते. तिथल्या मुलग्यांची तपासणी अहमदाबादच्या व्यवसाय आरोग्य संस्थेने केली. ही मुले वयात यायला उशीर लागतो आहे, असा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली ती २०११ साली.

प्रयोगशाळेबाहेरची जनावरेही बोलली आहेत. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात अपोप्का नावाचे तळे आहे. १९८० साली त्याच्या काठावरच्या कारखान्यातून डायकोफॉल हे कोळीनाशक सांडून पाण्यात गेले, त्यात डीडीटीचाही अंश होता. पुढे तिथल्या मगरींची संख्या घटली. लुई गिलेट या प्राणिशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात पिल्ले तपासली, तेव्हा नरांमध्ये टेस्टोस्टेरॉन फार कमी आणि जननेंद्रिये लहान आढळली. हेच डायकोफॉल लाल कोळी मारायला आपल्याकडेही वर्षानुवर्षे वापरले गेले. केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली ती २०२३ साली. इंग्लंडच्या नद्यांत सांडपाणी सोडले जाते त्या ठिकाणाच्या खाली पकडलेल्या नर माशांच्या वृषणात अंडी सापडली, हे १९९८ साली प्रसिद्ध झाले. मीनेच्या काठी नारायणगाव आणि घोडच्या काठी घोडेगाव आहे. आपली गावे वाढत चालली आहेत. गावचे पाणी शेवटी नदीतच उतरते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

सर्वांत जवळची साक्ष कुत्र्याची. माणसाच्या वीर्यातली शुक्रजंतूंची संख्या पन्नास वर्षांत मिलिलिटरमागे ११ कोटी ३० लाखांवरून ६ कोटी ६० लाखांवर आली, असा हिशेब डॅनिश शास्त्रज्ञांनी १९९२ साली मांडला. त्यावर मोठा वाद झाला. पूर्वीची मोजणी वेगळी, प्रयोगशाळा वेगळ्या, मग तुलना कशी करायची, हा आक्षेप रास्तच होता. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी मग २०१६ साली अपंगांच्या मदतीसाठी पैदास केल्या जाणाऱ्या कुत्र्यांची २६ वर्षांची मोजणी पुढे ठेवली. प्रयोगशाळा एकच, पद्धत एकच. तरी १९८८ ते १९९८ या काळात शुक्रजंतूंची हालचाल दरवर्षी अडीच टक्क्यांनी घटली होती, आणि पुढच्या काळातही घट थांबली नव्हती. प्लॅस्टिक मऊ करणारे एक द्रव्य आणि जुन्या विजेच्या सामानातले एक रसायन ही दोन्ही कुत्र्यांच्या वीर्यात सापडली, आणि त्यांच्या डबाबंद खाण्यातही सापडली. कुत्रा माणसाच्या घरात राहतो. त्याच्या वाटीत जे पोहोचते ते आपल्या ताटापासून फार लांब नसते.

द्राक्षाच्या मांडवाखाली

आता आपल्या मांडवाकडे येऊ. द्राक्षवेलीची वाढ आवरून तिला घडाकडे वळवण्यासाठी बागाईतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड वापरतात. त्याला कुणी 'सीसीसी' म्हणतो, कुणी 'लिहोसिन'. हे कीटकनाशक नाही, वाढरोधक आहे, म्हणून त्याची कुणाला भीतीही वाटत नसे. २०१० साली युरोपातल्या प्रयोगशाळांनी भारतीय द्राक्षांत त्याचा अंश मोजला. तिथली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. माल मर्यादेच्या वर निघाला, कंटेनर अडकले, भाव कोसळले आणि महाराष्ट्रातल्या निर्यातदार बागाईतदारांच्या कर्जखात्यांवर त्याचे वळ उमटले.

याच द्रव्याची दुसरी हकिकत डेन्मार्कमधली आहे आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. तिथे गव्हाचे पीक लोळू नये म्हणून ते फवारतात. १९८०च्या दशकात तिथल्या डुक्करपालकांच्या लक्षात आले, की फवारलेल्या पिकाचे धान्य खाल्लेल्या माद्या नीट माजावर येत नाहीत. शास्त्रज्ञांनी मग उंदरांवर प्रयोग केले. माद्यांच्या विणीत फरक पडला नाही. नरांच्या शुक्रजंतूंची बीज फलित करण्याची क्षमता मात्र प्रयोगशाळेतल्या चाचणीत कमी भरली. संशय मादीवरून सुरू झाला होता, प्रयोगात पुरावा सापडला नराकडे. आणि पहिली नजर शास्त्रज्ञाची नव्हती, गोठ्यातल्या माणसाची होती.

परदेशी जाणारा घड आता कसून तपासला जातो. मर्यादेत अंश असलेला माल बोटीवर चढतो. पण विरळणीत काढलेला पाला शेळ्यांपुढे टाकला जातो, बांधावरचे गवत गायीसाठी कापून आणले जाते, उसातल्या आणि मक्यातल्या तणनाशकाचा अंश पावसाबरोबर विहिरीत उतरू शकतो. त्याची तपासणी कोणत्या बंदरावर होणार? त्या तणनाशकांपैकी ॲट्राझिन युरोपने वीस वर्षांपूर्वीच बाजारातून काढले. त्याने नर बेडकांमध्ये मादीची लक्षणे दिसतात, असे कॅलिफोर्नियातल्या टायरोन हेज यांनी २००२ पासून मांडले. त्यावर वाद झडले, पण प्रश्न मिटलेला नाही.

किमान शिल्लक

इथे जुन्नरचा कोणीही वाचक हसून विचारील, की अहो, त्याच उसात बिबट्याची मादी दोन-तीन बछडी घालते आहे, त्यांची संख्या आवरता आवरत नाही, वनखात्यात बिबट्यांच्या संततिनियमनाची चर्चा चालते, आणि तुम्ही विणीची काळजी कसली करता?

प्रश्न बिनतोड वाटतो. पण शुक्रजंतूंचा हिशेब बँकेच्या खात्यासारखा आहे. निरोगी वळूच्या एका वेळच्या वीर्यात अब्जावधी शुक्रजंतू असतात आणि गर्भ राहायला एक पुरतो. शिल्लक एवढी मोठी असल्यामुळे निम्मी गेली तरी वासरे जन्मतच राहतात. खातेदार चेक लिहितो, तो वटतो, म्हणून तो पासबुक भरून आणत नाही. एके दिवशी शिल्लक किमान रेषेखाली जाते आणि चेक परत येतो. त्या दिवशी बिघाड सुरू झालेला नसतो, फक्त उघडा पडलेला असतो. वासरांच्या आणि बछड्यांच्या संख्येवरून नराची शिल्लक कळत नाही, ती मोजावीच लागते.

मोजणे अवघड आहे असेही नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या बायफ संस्थेचे गोठित वीर्याचे केंद्र आपल्याच जिल्ह्यात उरुळी कांचनला आहे. अशा केंद्रांसाठी देशभर नियम ठरलेले आहेत. ताज्या वीर्यात ७० टक्के शुक्रजंतू हलते हवेत, उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून काढून वितळवल्यावर निदान ५० टक्के हलते हवेत, आणि प्रत्येक वीर्यकांडीत दोन कोटी शुक्रजंतू हवेत. त्यात न बसणारे वीर्य फेकून देतात. म्हणजे केंद्रातल्या वळूचा रोजचा ताळेबंद मांडला जातो. पण गावात म्हशींवर सोडला जाणारा रेडा, कळपातला बोकड, धनगराचा मेंढा यांचे पासबुक कुणी भरत नाही. फवाऱ्याच्या वासात राहतात ते हेच. केंद्रातला वळू तर वेगळ्या गोठ्यात, निवडक चाऱ्यावर असतो.

वहीतला एक रकाना

मग घरच्या माणसाने करायचे काय? शेती सोडून द्या, औषधे सोडून द्या, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. डाऊनीने बाग काळवंडली म्हणजे त्या घरात काय होते, हे हप्ते मागायला गेलेल्या माणसाला चांगले ठाऊक असते. पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. फवारलेल्या बागेचा पाला डब्यावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत जनावराला घालू नये. फवारणीच्या दिवशी गव्हाण आणि पाण्याचा हौद झाकावा, वाऱ्याच्या दिशेला जनावर बांधू नये. औषधाचा रिकामा कॅन कितीही मजबूत असला तरी त्यात पाणी भरू नये. आणि पैदाशीचा नर व गाभण मादी या दोघांना बागेपासून लांब ठेवावे, कारण एकाचे आजचे आणि दुसरीच्या पोटातल्याचे उद्याचे नुकसान होते.

यापलीकडे एक काम आहे, ते म्हणजे नोंद. प्रत्येक वीर्यकांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. रेतन करायला आलेल्या माणसाकडून तो विचारून वहीत लिहावा. गायीच्या कानात आता १२ आकडी बिल्ला असतो, त्याच्या शेजारी हा क्रमांक, रेतनाची तारीख, उलटली की राहिली, आणि त्या महिन्यात शेतात काय फवारले, एवढे चार शब्द. नैसर्गिक पैदास असेल तर रेडा किंवा बोकड कोणाचा, ते. एका घरच्या वहीतून काही सिद्ध होणार नाही. पण एका वाडीतल्या चाळीस वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकाच नराच्या किंवा एकाच हंगामाच्या ओळीत 'उलटली, उलटली' असे दिसू लागले, तर जनावरांच्या डॉक्टरांना त्या नराची तपासणी करायला धरता येईल. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांपुढे ती वही ठेवता येईल. डॅनिश डुक्करपालकांनी याहून वेगळे काही केले नव्हते. त्यांनी पाहिले, आपसांत पडताळले आणि सांगितले.

ही वही बहुतेक घरांत बाईच्या हातात राहील, कारण गोठा तिच्याकडे असतो. गायीचा माज पहिल्यांदा तिलाच कळतो. ती जेव्हा वळूच्या क्रमांकापुढे 'दोन वेळा उलटली' असे लिहील, तेव्हा दोष कुणाच्या नावावर टाकायचा याची एक फार जुनी सवय त्या घरात पहिल्यांदा तपासली जाईल. कदाचित गोठ्याबाहेरही. लग्नाला चार वर्षे झाली तरी पाळणा हलला नाही, म्हणून सुनेला एकटीलाच डॉक्टरकडे आणि देवाकडे नेणारी घरे या दोन तालुक्यांत आहेत, पुण्यात आहेत आणि मुंबईतही आहेत. त्या घरातला मुलगा रोज पाठीवर पंप बांधून बागेत जातो, हे डॉक्टरांना सांगावे असे कुणाच्या मनातही येत नाही. यापुढे ते आधी सांगावे, आणि दोघांनी मिळून सांगावे.